ऊस रस्त्यावर येण्याआधी : सोलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्यांना तातडीचं आवाहन

लोणी काळभोर, कदमवाकवस्ती, कुंजीरवाडी, थेऊर, सोरतापवाडी आणि उरुळी कांचन इथल्या ग्रामस्थांना, ट्रॅक्टरमालकांना, टँकरचालकांना, कॉलेजच्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना,

दसरा तोंडावर आलाय. तो झाला की थोड्याच दिवसांत गळीत हंगाम सुरू होईल आणि उसाच्या ट्रॉल्या रात्री-अपरात्री सोलापूर रस्त्यावर उतरतील. थेऊरचा यशवंत कारखाना गेली अनेक वर्षं बंद आहे. त्यामुळे आपल्या भागातला ऊस लांबच्या कारखान्यांना जातो आणि त्याचा बराचसा प्रवास याच हमरस्त्यानं होतो. तेलाच्या डेपोंवरून सुटणारे टँकर आहेतच. परतीचा पाऊस अजून पुरता गेलेला नाही. अशा दिवसांत ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत, त्या आठवडाभरात करून टाकाव्यात, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

मी नववीच्या वर्गाला विज्ञान शिकवतो. आपल्या राज्याच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिला धडा ‘गतीचे नियम’ आणि दुसरा ‘कार्य आणि ऊर्जा’. गावातल्या बहुतेक घरांत हे धडे शिकलेलं कोणी ना कोणी आहे. त्या दोन धड्यांत जे सांगितलं आहे, ते आपल्या दारातल्या रस्त्यावर रोज घडतं, आणि त्यात माणसं मरतात.

२० जुलै २०१९ ची रात्र इथले लोक विसरलेले नाहीत. रायगड पाहून यवतला घरी परतणारी नऊ मुलं मध्यरात्रीनंतर कदमवाकवस्तीजवळ गेली. सगळी १९ ते २३ वर्षांची. ताबा सुटलेली मोटार दुभाजक ओलांडून पलीकडच्या बाजूला गेली आणि समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळली. नऊपैकी एकही वाचला नाही. यवत इथून अर्ध्या तासावर उरलं होतं.

वेगाबद्दल आपण बोलतो ते बेतानं, नीतीच्या भाषेत: ‘जपून जा रे’, ‘सावकाश जा’. मला ते आकड्यांत सांगायचं आहे, कारण आकडा एकदा डोक्यात बसला की पाय आपोआप हलका होतो.

ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. ८० नं जाणारी २२ मीटर. समोर काही दिसलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात सावध माणसाचासुद्धा एक सेकंद जातो. त्या सेकंदात ब्रेक लागलेलाच नसतो. पुढचं काम टायर आणि डांबर यांच्यातल्या घर्षणाचं. कोरडा, चांगला रस्ता आणि न झिजलेले टायर धरले, तर ६० च्या वेगावरची गाडी ब्रेक लागल्यावर २० मीटरांत थांबते. ८० वरची ३६ मीटर घेते, १०० वरची ५६. प्रतिक्रियेचा सेकंद धरून एकूण अंतर होतं ६० ला ३७ मीटर, ८० ला ५८ आणि १०० ला ८४. पावसानं ओल्या झालेल्या रस्त्यावर घर्षण निम्म्याजवळ येतं, मग ८० वाल्याला थांबायला ८५ मीटर लागतात. टायर गुळगुळीत झाले असतील तर याहूनही जास्त.

आता यातली एक गोष्ट नीट बघा. दोन मोटारी शेजारी शेजारी चालल्या आहेत, एक ६० नं, दुसरी ८० नं. बरोबर ३७ मीटरांवर अंधारात एक ट्रॉली बंद पडून उभी आहे. दोन्ही चालकांना ती एकाच क्षणी दिसते, दोघेही सारखेच चपळ आहेत, दोघांचे ब्रेक उत्तम आहेत. ६० वाला ट्रॉलीला टेकता टेकता थांबतो. ८० वाल्याचे २२ मीटर विचारातच गेले, ब्रेकला उरले फक्त १५. ट्रॉलीपाशी पोचतो तेव्हा त्याचा वेग अजून ६० च्या वर असतो. म्हणजे जिथे एकाला खरचटलंही नाही, तिथे दुसरा साठच्या वेगानं लोखंडावर आदळतो. वेगातला फरक होता फक्त वीसचा! वर्गात हे गणित फळ्यावर सोडवतो तेव्हा मुलं पुन्हा पुन्हा तपासून बघतात, कारण पहिल्यांदा कोणाचाच विश्वास बसत नाही.

असं का होतं, याचं उत्तर दुसऱ्या धड्यात आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट, वेग तिप्पट तर ऊर्जा नऊपट. हे माणसाला सहज उमगलेलं नाही. १७२२ च्या सुमारास हॉलंडमधल्या लायडन इथे ग्राव्हेसांड नावाच्या प्राध्यापकानं मऊ मातीवर पितळेचे गोळे वेगवेगळ्या उंचीवरून टाकून पाहिले आणि मातीत पडलेले खड्डे मोजले. गोळ्याचा वेग दुप्पट झाला की दबलेली माती दुप्पट होत नव्हती, चौपट होत होती. पुढे एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीनं १७४० मध्ये आपल्या पुस्तकात हा मुद्दा ठामपणे मांडला. हा प्रयोग आपल्या अंगणात होतो. गणपतीची शाडू उरली असेल तर ती थापून घ्या. एक जड गोटी २५ सेंटिमीटरवरून टाका, मग एक मीटरवरून. दुसऱ्या वेळी गोटीचा वेग फक्त दुप्पट असतो. खड्डे शेजारी शेजारी बघा आणि घरातल्या मोटारसायकलवाल्या मुलाला बोलावून दाखवा.

आणखी एक हिशेब त्याला सांगा. ताशी ४० नं भिंतीवर आदळणं म्हणजे सहा मीटरांवरून, दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून खाली पडणं. ६० नं आदळणं म्हणजे १४ मीटर, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून. ८० नं आदळणं म्हणजे २५ मीटर, आठ मजले. कदमवाकवस्तीत उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींकडे बोट करून मजले मोजता येतात.

या वेगानं वाचतं तरी किती? वीस किलोमीटरच्या अंतरात ६० च्या ऐवजी ८० नं गेलात, तर पाच मिनिटं. तीही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर. आपल्या रस्त्यावर थेऊर फाट्याचा सिग्नल आणि लोणी स्टेशनची गर्दी ती पाच मिनिटं परत काढून घेतात.

आता रात्रीबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त भीती रात्रीची आहे.

समोरून वाहन येत असताना आपण दिवा खाली करतो. तेव्हा उजेड चाळीस-पन्नास मीटरच पडतो. ८० ला थांबायला लागतात ५८ मीटर. याचा अर्थ, रात्री ८० नं जाणारा माणूस स्वतःच्या उजेडाच्या पुढे धावतो आहे. त्याला जे दिसेल ते दिसेपर्यंत वेळ संपलेली असेल. त्या अंधारात असतं काय? ट्रॅक्टर, त्यामागे एकीला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, त्यात पंधरा-वीस टन ऊस. वेग ताशी पंधरा-वीस. मागे दिवा नाही, आणि असला तरी त्याची वायर तुटलेली. रेडियमची पट्टी लावलेली असते ती ट्रॉलीच्या फळीवर, पण उसाची मोळी फळीच्या मागे हात-दोन हात लोंबत असते, त्यामुळे मागून येणाऱ्याला पट्टी दिसतच नाही. दिसतो तो नुसता काळा ढीग, तोही जवळ आल्यावर. एक्सल तुटला किंवा टायर फुटला की ट्रॉली तिथेच उभी राहते. मागे चार दगड आणि बाभळीची फांदी ठेवतात. सकाळी ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात, आणि दुसऱ्या रात्री एखादा दुचाकीवाला त्यावरून उडतो.

ट्रॅक्टरमालकांनो, तुमच्यावर राग काढायला हे लिहिलेलं नाही. हंगामाची घाई, वाहतुकीची उचल आणि काट्यावरची रांग यांत तुम्ही किती भरडले जाता ते आम्ही बघतो. ट्रॉलीवर झोपणारे ऊसतोड कामगार आणि त्यांची लेकरं मागून बसणाऱ्या धडकेत पहिली सापडतात, हेही तुम्हाला माहीत आहे. म्हणून मागणं इतकंच. रेडियम फळीवर न लावता उसाच्या मोळीच्या बाहेर लोंबेल असं एका जाड कापडावर किंवा पत्र्यावर लावा आणि ऊस भरून झाल्यावर ते मोळीच्या टोकाला बांधा. मागे लाल, बाजूंना पिवळं, पुढे पांढरं. एकीमागे दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींना. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर मागचा सगळा भार ट्रॅक्टरला पुढे ढकलतो, तेव्हा ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक एकमेकांना जोडलेले आहेत ना, ते निघण्याआधी बघा. ट्रॉली बंद पडली तर डांबराच्या खाली घ्या, त्रिकोणी परावर्तक मागे चांगला पन्नास पावलांवर ठेवा आणि निघताना दगड स्वतःच्या हातानं बाजूला टाका.

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, हळद-कुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. यंदा हार घालायच्या आधी मागचं रेडियम लावा. बैलगाडीवाल्यांनीही जुवाला आणि मागच्या फळीला लावावं. पट्टीचा खर्च एका टायरच्या पंक्चरपेक्षा फार जास्त नाही. गावातल्या गणेश मंडळांकडे उत्सवाचे पैसे शिल्लक असतील, तर त्यांनी पट्ट्यांची भेंडोळी आणून वेशीवर बसावं आणि येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला फुकट लावावी.

कारखान्यांच्या संचालकांना आणि शेतकी अधिकाऱ्यांना हात जोडून विनंती आहे: ज्या ट्रॉलीच्या मागे रेडियम आणि दिवा नाही, तिचं वजन काट्यावर घेऊ नका. पोलीस आणि आरटीओ रस्त्यावर किती जणांना अडवतील? काट्यावरून मात्र प्रत्येक ट्रॉलीला जावंच लागतं. एक आठवडा हा नियम पाळलात तर सगळ्या तालुक्याच्या ट्रॉल्या चमकायला लागतील.

टँकरबद्दल दोन शब्द. भरलेला मोठा टँकर पंचवीस-तीस टनांचा असतो. त्याला हवेचे ब्रेक. पायानं दाबल्यावर हवेचा दाब मागच्या चाकांपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो, आणि आतलं तेल ब्रेक लागला तरी जडत्वानं पुढे जातच असतं. न्यूटनचा पहिला नियम टाकीत हेलकावत असतो. टाकी अर्धी भरलेली असेल तर वळणावर तेच तेल एका बाजूला जाऊन टँकर कलंडवू शकतं. दुचाकीवाल्यांनो, डेपोच्या फाट्यावर टँकरच्या पुढे घुसून ब्रेक मारू नका. चालकाला इच्छा असूनही तो तुमच्यासाठी थांबू शकत नाही. त्याच्या डाव्या दाराखाली तुम्ही त्याला दिसतही नाही.

आणि टँकरचालकांनो, डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करू नका, इंजिन तर बंद करूच नका. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळ एका अवजड वाहनानं डझनावारी गाड्या उडवल्या. कात्रज बोगद्याकडून येणाऱ्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. उंचीवर साठलेली स्थितिज ऊर्जा उतारावर वेगात बदलते. तिला आवरायला गिअरमधलं इंजिन नसेल तर सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. इंजिन बंद असलं की कॉम्प्रेसरही बंद, मग ब्रेकची हवा दर दाबाला कमी होत जाते.

उलट्या बाजूनं जाणाऱ्यांना काय सांगू? पुढच्या कटपर्यंत जाऊन वळायला दोन मिनिटं लागतात म्हणून दूधवाले, शाळेतून मुलं आणणारे आईवडील, हॉटेलवर काम करणारी पोरं, सगळे राँग साइडनं येतात. तुमचा वेग ४०, समोरच्याचा ६०. दोघांमधलं अंतर १०० च्या वेगानं मिटतं. शंभर मीटरांवर तो दिसला, तर हाती साडेतीन सेकंद आहेत, त्यातला एक दोघांचाही विचारात जाणार. कदमवाकवस्तीच्या त्या रात्री दुभाजकाच्या पलीकडे गेल्यावर मोटारीचा आणि ट्रकचा वेग असाच एकमेकांत मिळाला. मुलाला पुढे उभं करून राँग साइडनं स्कूटर आणणाऱ्या प्रत्येक आईबापाला माझी विनवणी आहे: ती दोन मिनिटं द्या.

हेल्मेट. ‘गावातच तर जायचंय’ हे वाक्य मी रोज ऐकतो. दुचाकी उभी असताना नुसता तोल जाऊन माणूस पडला, तरी डोकं दीड मीटरवरून खाली येतं. डोक्याचं वजन पाच किलोच्या आसपास. ती ऊर्जा कुठेतरी जिरलीच पाहिजे. हाडाला दोन मिलिमीटरांत थांबावं लागलं तर बल येतं साडेतीन टनांच्या वर. हेल्मेटच्या आतला थर्मोकोल अडीच सेंटिमीटर चेपला, तर तेच बल तीनशे किलोंवर उतरतं. हा ढोबळ हिशेब आहे, पण फरक बारापटीचा आहे. हेल्मेटचं सगळं काम त्या अडीच सेंटिमीटरांचं. म्हणून आयएसआयचा शिक्का नसलेली, आत नुसतं कापड असलेली टोपी घेऊ नका. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बदला, कारण चेपलेला थर्मोकोल पुन्हा फुगत नाही. आणि पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोचतं. २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले, त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. मागे बसणाऱ्या बायका आणि लेकींचं डोकं हाडाचंच असतं.

मोटारीतला पट्टाही तसाच. मोटार थांबते, आतला माणूस थांबत नाही, हे जडत्व. व्होल्वोच्या निल्स बोलिन या अभियंत्यानं १९५९ मध्ये तीन ठिकाणी बांधणारा पट्टा आणला, तो आज आपल्या प्रत्येक मोटारीत आहे आणि मागच्या सीटवर बहुतेकदा गादीखाली दाबलेला आहे. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मोटार महागडी होती. पुढचे दोघे जखमी झाले पण जगले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसणाऱ्या आयांसाठी एक आकडा: ताशी ५० वर असताना गाडी एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आठ किलोचं बाळ हातातून सुटायला क्विंटलभराहून जास्त जोर लावतं. कुठल्याही आईचे हात तेवढं धरू शकत नाहीत, माया कितीही असली तरी.

त्या वर्षी देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. केंद्र सरकारच्याच नोंदीप्रमाणे त्यांतले दर शंभरात ७१ मृत्यू अतिवेगाच्या अपघातांतले होते. एकट्या महाराष्ट्रात १५ हजारांहून जास्त. खड्डे, तोडलेले दुभाजक, बंद दिवे, अर्धवट सेवा रस्ते यांसाठी महामार्ग प्राधिकरणाशी भांडलं पाहिजे आणि ग्रामसभांनी ठराव करून भांडावं. पण ते दिवे लागेपर्यंत हंगाम थांबणार नाही.

शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि विज्ञानाच्या शिक्षकांना मागणी आहे की येत्या शनिवारी मैदानावर चुन्यानं चार रेघा ओढा: शून्य, ३७, ५८ आणि ८४ मीटरवर. मुलांना त्या चालायला लावा, पालकांना बोलवा. मैदान लहान पडलं तर तेही बोलकं आहे. इथल्या कॉलेज-विद्यापीठांत अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलामुलींनी एक रात्र फाट्यावर उभं राहून मागून न दिसणाऱ्या ट्रॉल्या मोजाव्यात आणि ती यादी लोणी काळभोर पोलीस ठाण्यात व कारखान्यांत द्यावी. तुकोबांची पालखी आपल्या गावी मुक्कामाला येते, तेव्हा लाखो माणसं याच रस्त्यानं सुखरूप पुढे जातात, कारण तेव्हा गाव रस्त्यावर उतरून शिस्त लावतं. हंगामाचे पहिले पंधरा दिवस तसंच उतरू या.

आणि अपघात झालाच, तर मोबाइल काढून चित्रीकरण करत बसू नका. १०८ किंवा ११२ ला फोन करा, मागून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवा. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नं संरक्षण आहे. नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती तुमच्यावर होत नाही. जखमीला मान वाकडी न करता हलवा, पाणी पाजू नका.

आज घरी गेल्यावर एवढं करा. गाडीचे टायर हातानं चाचपा, मागच्या सीटचे पट्टे गादीखालून बाहेर काढा, हेल्मेटचा पट्टा लागतो का ते बघा. ट्रॅक्टर असेल तर खंडेनवमीच्या आत रेडियम लावा. रात्री कवडीपाटपासून उरुळी कांचनपर्यंत काटा ६० च्या वर जाऊ देऊ नका. आणि हे पत्रक वाचून झालं की ज्याच्याकडे ट्रॉली आहे त्याच्या हातात द्या.